पलीकडची दोन टोकं

१

आता जे सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. शपथेवर सांगतो, आणि माझी शपथ म्हणजे काय चीज आहे ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. किंवा नकाच विचारू. गल्लीचं मत असं आहे की मी सकाळ झाली म्हणालो, तरी आधी खिडकी उघडून बघावी. माझी थोरली बहीण मला शाळेपासून थापाड्या म्हणते. ताई मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे तिचं म्हणणं लोक खरं धरतात. पण थापा मारणाऱ्या माणसाचं एक असतं. कुठली गोष्ट आपण रचलेली नाही, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

तर ही मी रचलेली नाही. थोडी रचली आहे. कुठे, ते शेवटी सांगेन.

आमचे बाबा घरसामान हलवायच्या धंद्यात होते. लोक घर बदलायचे, बाबा त्यांचं घर पाठीवर घेऊन निघायचे. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या, एकदा तर एक अख्खा पियानो, तोही जिन्यावरून आणि न वाजता. (तो शेवटच्या पायरीला वाजला होता, असं आई म्हणते. मी तेवढं गाळतो.) जड वस्तू ताकदीने उचलत नाहीत, जोडीने उचलतात, असं ते म्हणायचे. आणि उचलताना वस्तूकडे बघायचं नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याचा जोर सरला की आधी तोंडावर दिसतं.

मग एका सकाळी दाढी करता करता बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. शब्द एकच उरला, जो त्यांनी जन्मभर जिन्याजिन्यांत हमालांना ओरडून सांगितला होता : सावकाश. चहा हवा, सावकाश. चहा नको, सावकाश. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, कसं वाटतंय? बाबा म्हणाले, सावकाश. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सुधारणा, असं लिहिलं असावं.

मी शिलाई मशिनी दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान, मधल्या खोलीत बाबांची लोखंडी खाट, मागे स्वयंपाकघर. लग्न केलं नाही. म्हणजे केलं नाही असं नाही, जमलं नाही. त्यामुळे आईबाबांच्या वाटणीला मी आलो आणि माझ्या वाटणीला ते दोघं.

२

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करायचं म्हणजे औषधं आणि भरवणं, असं मला वाटत होतं. ते सोपं आहे. खरं काम वेगळंच. खाटेची डोक्याकडची बाजू वर केली की माणूस बसता होतो, आणि बसता झाला की हळूहळू खाली घसरतो. सकाळचं खाणं संपेपर्यंत बाबांचे पाय खाटेच्या दांड्याला टेकायचे आणि हनुवटी छातीत रुतायची. मग त्यांना वर घ्यायचं. पुन्हा दुपारी. पुन्हा चहाला. दिवसभर हेच.

सुरुवातीचे काही महिने शुश्रूषेला एक ब्रदर यायचा. धिप्पाड गडी, मिशीला तेल लावणारा. त्याने मला रीत शिकवली. बाबांच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर कायम असायची, दुहेरी. वर घ्यायचं झालं की तो एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. चादरीच्या कडा गुंडाळत अगदी अंगाजवळ आणायच्या. एक मूठ खांद्यापाशी, एक कमरेपाशी. तीन म्हटलं की उचलायचं आणि वर नेऊन ठेवायचं. ओढायचं नाही, हे तो बजावून सांगायचा. ओढलं की पाठ घासते, म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून येते, आणि एकदा जखम झाली की ती माणसाला घेऊनच जाते.

मग त्याला एका इस्पितळात कायमची नोकरी लागली. गेला बिचारा. जाताना बाबांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, दुसरा माणूस बघा साहेब, हे एकट्याचं काम नाही.

मी दुसरा माणूस शोधला. मिळाला नाही असं नाही. एक आला तो दुपारी बाबांच्या आधी झोपायचा. दुसरी एक बाई आली, तिने आईला दोन दिवसांत रडवलं. शेवटी मी एकटाच वर घ्यायला लागलो. उशाकडे उभं राहून, काखेत हात घालून, ओढून. बाबांचा चेहरा कसानुसा व्हायचा. ते सावकाश म्हणायचेसुद्धा नाहीत. त्याच आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा दिसला, दाबला तरी फिका न पडणारा.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चट्टा फुटला तर घरी ठेवता येणार नाही, म्हणाले. ताईने एक शुश्रूषाकेंद्र बघून ठेवलंच होतं. स्वच्छ, हवेशीर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पुरुषांचा विभाग वेगळा. बायकोला भेटायला वेळ ठरलेली. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती बाबांच्या डाव्या हाताला, म्हणजे जित्या हाताला, तेल लावत होती. तिने तेल लावणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, ‘‘मग मलाही कुठेतरी ठेवून ये. या घरात मी एकटी काय करू?’’

एकटी म्हणजे माझ्यासकट एकटी. मला राग यायला हवा होता. आला नाही.

३

दुसऱ्या दिवशी आई आपण होऊन खाटेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. खिडकीकडच्या बाजूला. तिकडे भिंत आणि खाट यांच्यामध्ये बेताची जागा आहे, आईसारखं चिमणीएवढं माणूस मावतं. ती म्हणाली, धरते मी.

मी हसलो. आईच्या बोटांचे सांधे आल्यासारखे वाकडे झालेत. बरणीचं झाकण ती कोपराखाली धरून उघडते आणि तरी ते उघडत नाही. पण तिचं मन मोडू नये म्हणून म्हटलं, धर. तिने चादरीची कड गुंडाळली, मुठीत घेतली. एक, दोन, तीन.

बाबा उचलले गेले.

नीट सांगतो. हिसका नाही, धडपड नाही. चादर दोन्हीकडून सारखी ताणली गेली, बाबा गादीपासून बोटभर सुटे झाले, उशाकडे गेले आणि टेकले. पाण्यात सोडलेला कागद टेकावा तसे. बाबांनी डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाले, सावकाश.

मला वाटलं, म्हातारीने खाल्लेलं अंगी लागलंय.

त्यानंतर आम्ही दोघंच ते करायला लागलो. सकाळी, दुपारी, चहाला. लाल चट्टा गुलाबी झाला, मग नुसता डाग राहिला. डॉक्टर म्हणाले, कोण ठेवलाय माणूस? हाताला चांगला आहे. मी आईकडे बोट केलं. डॉक्टरांना मी विनोदी वाटतो, ते हसले.

एका दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. आई कप दोन्ही तळव्यांत धरून पिते, कानाला बोट अडकवता येत नाही म्हणून. मी तिला म्हटलं, ‘‘आई, पण मानलं हं तुला. अजून काय जोर आहे हातात.’’

‘‘कुणाच्या?’’

‘‘तुझ्या. बाबांना उचलतेस ते.’’

आईने कप खाली ठेवला. ‘‘मी कुठे उचलते रे? मी नुसती चादर धरते. माझ्याच्याने मूठ तरी वळते का?’’

‘‘मग तिकडची बाजू वर येते कशी?’’

‘‘मला वाटलं, तूच दोन्हीकडचं उचलतोस,’’ आई म्हणाली. ‘‘बाबांवर गेलायस, म्हटलं.’’

मधल्या खोलीतून हवेच्या गादीच्या पंपाची गुरगुर ऐकू येत होती. चहावर साय धरली. मग आई उठली आणि दोन्ही कप विसळायला घेऊन गेली, माझा अर्धा भरलेलाही.

४

मी यंत्रांचा माणूस आहे. मशीन आपोआप शिवत नाही, कुठेतरी पाय पडत असतो, हे माझं तत्त्वज्ञान.

पहिला संशय गादीवर. ती हवेची गादी होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. खिडकीकडचे कप्पे नेमके त्याच वेळी फुगत असतील, बाबांना वर लोटत असतील. पटण्यासारखं होतं. मी स्वतःला शाबासकी दिली आणि उचलायच्या आधी पंपाचं बटण बंद केलं.

पंप बंद झाल्यावर कळलं की त्या गुरगुरीमागे खोली किती शांत आहे. एक. दोन. आणि दोनच्या नि तीनच्या मध्ये मला श्वास ऐकू आला. जड काही उचलण्याआधी माणूस छाती भरून घेतो ना, तसा. मी घेतला नव्हता, मी आकडे मोजत होतो. आईचा श्वास मी ओळखतो, तो शिटीसारखा असतो. हा रुंद होता. तीन. चादरीच्या शिवणीने करकर केली आणि बाबा वर गेले.

गादी बाद झाली.

मग मला बाबांचा जुना जोडीदार आठवला. जन्मभर कपाटाची दुसरी बाजू ज्याने धरली तो. आता तुम्ही म्हणाल, आलं लक्षात, तो वारला असणार. मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगतो, वाटून बरं वाटलं. निदान घरचा माणूस. मी ताईकडून नंबर मिळवून फोन लावला, तर तो स्वतःच बोलला. ठणठणीत. जावयाला शिव्या दिल्या, गुडघ्यांना शिव्या दिल्या, बाबांना नमस्कार सांगितला. मी फोन ठेवला. एखादा माणूस जिवंत असल्याचं ऐकून भीती वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

आईला मी श्वासाचं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी केर काढताना ती खिडकीकडच्या त्या अरुंद जागेपाशी थांबली, केरसुणी भिंतीला टेकवली आणि तिथे ठेवलेलं औषधांचं खोकं उचलून बाहेर आणलं. मला म्हणाली, तिकडे उगाच अडगळ नको, पायात येते.

कुणाच्या पायात, हे मी विचारलं नाही.

५

रविवारी ताई आली. ताई आली की घरातल्या वस्तूसुद्धा सरळ उभ्या राहतात. तिने फळं ओट्यावर ठेवली, बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांनी सावकाश म्हटल्यावर ‘‘हो बाबा, सावकाशच,’’ म्हणाली आणि मला दुकानाच्या खोलीत नेलं. केंद्रात जागा झाली आहे. शुक्रवारी गाडी येईल. मी म्हटलं, चट्टा गेलाय. ती म्हणाली, आज गेलाय. उद्या तुझी कंबर गेली तर? आईला कोण बघणार, तुला कोण बघणार, आणि मी आठवड्यातून एकदाच येऊ शकते रे, हे काय मला आवडतं का? शेवटच्या वाक्याला तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज फाटला.

मी म्हटलं, आम्ही वर घेतो त्यांना, अगदी व्यवस्थित. ती म्हणाली, दाखव. आणि बाह्या सरसावून स्वतःच खिडकीकडे जाऊन उभी राहिली.

ताई दणकट आहे. एक, दोन, तीन. बाबा जागचे हलले नाहीत. मग हलले ते तिरके, ताईच्या बाजूने घासत. बाबांनी दात आवळले. आम्ही दोघं धापा टाकत होतो. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की बाबांना वजन आहे.

‘‘असं करता रोज?’’ ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘‘हे असं?’’

‘‘आई असली की जमतं.’’

‘‘आईला पातेलं उचलवत नाही. तू निदान आत्ता तरी थापा मारू नकोस.’’

आई दारात उभी होती. ती आत आली, ताईच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं आणि त्या फटीत शिरली. पण अगदी कडेला उभी राहिली, उशाकडे अंग चोरून. बसमध्ये शेजारच्याला जागा करून देतात तशी. ताई पायथ्याशी. मी मोजलं.

बाबा वर गेले आणि टेकले.

ताई वाकली आणि चादरीची खिडकीकडची कड तळव्याने सपाट केली. जिथे आईचा हात पोचलाच नव्हता, तिथे, कमरेपाशी. नंतर तिने विचारलं, खिडकी लावू का, गार वारा येतोय. वारा नव्हता.

निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, केंद्राला मी फोन करते. नको म्हणून कळवते. मग जरा घुटमळली. ताई विनोद करत नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

‘‘चहा विचारता का रे कधी?’’ ती म्हणाली.

६

आता इथपर्यंत तुम्हाला हे गोड वाटत असेल. मलाही वाटत होतं. घरात उंदीर असतो तसं एक कुणीतरी असतं, आणि ते दाणे खाण्याऐवजी मदत करतं. काय वाईट?

पण वर घेऊन ठेवल्यावर बाबा खाटेच्या मधोमध नसायचे. थोडे खिडकीकडे असायचे. दोन बोटं. मी चादर माझ्याकडे ओढून त्यांना मध्यावर आणायचो. दुपारी पुन्हा खिडकीकडे. मला वाटलं, खाट कलली असेल. तेलाच्या कुपीतला बुडबुडा ठेवून बघितला, खाट सरळ. आठवडाभराने ते चार बोटं खिडकीकडे असायला लागले. त्या बाजूचा कठडा मी कायम वर लावून ठेवला.

आणि बाबा तिकडे बघायला लागले. झटका आल्यापासून उजवीकडे मान वळवणं त्यांनी सोडलं होतं. त्या बाजूला जगच नाही, असं वागायचे. ताटलीतला उजवा घास तसाच राहायचा. आता मात्र मी भरवत असताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून न जाता मुद्दाम वळून तिकडे जायची, आणि थोडी वर. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं इतकी वर.

ही नजर मला ठाऊक होती. लहानपणी मी ती जिन्यांच्या तळाशी उभा राहून बघितली होती. त्यांच्या नि समोरच्याच्या मध्ये कपाट असायचं.

एका सकाळी खाणं झालं, आम्ही दोघं आपापल्या जागी उभे राहिलो, मी कडा गुंडाळल्या, एक म्हटलं, आणि पुढच्या दारावर कुणीतरी थाप मारली. आई म्हणाली, थांब, बघते. आणि चादर सोडून गेली. माझं तोंड मात्र सवयीने चालूच राहिलं. दोन. तीन. हातही उचलले गेले.

समोरची बाजू वर आली.

मी बघितलं. आई तिथे नव्हती, तिचा आवाज पुढच्या खोलीतून येत होता, कुणाला तरी दुकान संध्याकाळी उघडेल म्हणून सांगत होती. खिडकीतून ऊन पडलं होतं, खोलीत लपायला जागा नव्हती. समोर चादरीची कड दोन ठिकाणी गोळा झाली होती, एक खांद्यापाशी, एक कमरेपाशी. घट्ट, सुरकुत्या एका बिंदूकडे ओढल्या गेलेल्या. कुणीतरी मूठ आवळल्यावर कापड जसं बोटांच्या फटींतून फुगतं, तसं फुगलेलं. फटी दिसत होत्या. बोटं नव्हती.

बाबा आमच्या दोघांमध्ये अधांतरी. आणि तो जो कुणी होता, तो त्यांना वर नेत नव्हता. थांबला होता. मी काय करतो याची वाट बघत असल्यासारखा.

मला चादर टाकून पळता आलं असतं. पण मग बाबा पडले असते. तेवढं एकच त्या वेळी डोक्यात होतं, बाकी सगळं रिकामं. मी त्यांना खाली ठेवलं. समोरच्याने माझ्याबरोबर ठेवलं, माझ्या वेगाने, माझ्याही जरा नंतर, म्हणजे पाठ आधी माझ्याकडून टेकेल असं. मग कापड सैल पडलं. सुरकुत्या तशाच राहिल्या.

मी बाबांना माझ्याकडे ओढलं. मध्यावर नव्हे, मध्याच्याही अलीकडे, माझ्या पोटाला लागेपर्यंत. त्यांचं डोकं छातीशी धरून उभा राहिलो. आई आली, आमच्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं.

‘‘पाठ घासली असेल त्यांची,’’ ती म्हणाली. ‘‘ओढू नये.’’

७

थंडी सुरू झाल्यावर बाबांच्या छातीत कफ भरला. डॉक्टर घरी आले, स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. इस्पितळात नेलं तर नळ्या लावतील, थोडे दिवस वाढतील, म्हणाले. घरी ठेवलं तर त्रास होऊ नये एवढं बघता येईल. तुम्ही ठरवा. ताईला फोन केला. ती म्हणाली, आईला विचार. आईने बाबांना विचारलं. बाबा काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून ते घरीच राहिले. ताई रजा टाकून आली, सूप करू लागली, जे कुणी पीत नव्हतं. मी दुकान बंद ठेवलं. गादीचा पंप चालू होता आणि बाबांचा श्वास त्याच्याहून मोठा होता.

दुपारी ते खाली घसरले. घसरलं की श्वास अडतो, म्हणून वर घ्यायला हवं होतं. आई उशाशी बसली होती, बाबांचा डावा हात तिच्या मांडीवर होता. ती उठली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. ताई दारात उभी होती, तीही पुढे आली नाही.

मी माझ्या बाजूला उभा राहिलो. कडा गुंडाळल्या. समोर ऊन, खिडकी, मोकळी जागा. मोजायला तोंड उघडलं तर आवाजच नाही.

तेव्हा बाबांनी उजवीकडे मान वळवली, वर बघितलं आणि अगदी स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात, कामावरच्या आवाजात म्हणाले, ‘‘सावकाश.’’

समोरची कड गोळा झाली. आधी खांद्यापाशी, मग कमरेपाशी. तो श्वास ऐकू आला. मी उचललं.

इतके हलके बाबा मला कधीच लागले नव्हते. वर गेले, टेकले. टेकले ते पार खिडकीकडे, कठड्याला लागून, तोंडावर ऊन येईल असे. माझ्या मुठीत चादर अजून होती. ओढलं असतं तर मध्यावर आले असते. मला ओढायचं होतं. देवाशपथ, सगळं अंग ओढायला तयार होतं.

मी समोर बघितलं. बाबांनी शिकवलं होतं तसं, वस्तूकडे न बघता, तोंड असेल तिथे. तिथे खिडकीची काच होती आणि काचेवर कुणीतरी जवळून श्वास सोडावा तसा धुक्याचा एक गोल होता. तो वाढायचा आणि कमी व्हायचा. दमलेल्या माणसाचा.

त्याचाही जोर सरत आला होता, हे मला दिसलं. मी मुठी सोडल्या.

आई हात न सोडता खाटेच्या कडेवर सरकून बसली. ताई पायथ्याशी येऊन बाबांचे तळवे चोळत राहिली. ऊन खिडकीवरून उतरायच्या आत बाबा गेले, घरात, आईच्या हातात हात असताना. काचेवरचा गोल कधी पुसला गेला ते कुणी बघितलं नाही.

८

त्यानंतर ती चादर मी स्वतः धुतली. वाळल्यावर आत आणली. मोठी चादर, दुहेरी कापडाची, एकट्याने घडी घालायची म्हणजे जमिनीला लोळते. आईचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. मी माझी दोन टोकं धरून मधल्या खोलीत उभा राहिलो, रिकाम्या खाटेपाशी, आणि नुसतं म्हटलं, एक. चादर पलीकडून वर आली. ताणली गेली, झटकली गेली, आणि मग ती दोन टोकं हवेतून माझ्याकडे चालत आली, घडी घालताना समोरचा माणूस येतो तशी, आणि माझ्या हातांत दिली गेली. क्षणभर बोटांना ऊब लागली. चहाचा कप धरून आलेल्या हाताची असते तेवढी.

ही गोष्ट मी चारचौघांत सांगतो तेव्हा इथेच थांबतो. लोकांचे डोळे ओलावतात, कुणीतरी चहा सांगतं.

पण शेवटी सांगेन म्हणालो होतो, तर सांगतो. घडीचं मी रचलंय. बाकीचं तुम्हाला पटो न पटो, त्यात मी हात घातलेला नाही. चादर मात्र मी घडी घातलेली नाही. धुतलेलीही नाही. ती अजून खाटेवर आहे, खिडकीच्या बाजूला दोन ठिकाणी चुरगळलेली. ताई म्हणाली, रविवारी येते, दोघं मिळून आवरू. मी म्हटलं, नको, बघतो मी. भाड्याची खाट परत न्यायला माणसं येऊन दोनदा परत गेली. त्यांना मी काय काय थापा मारल्या ते सांगत नाही. आई रोज सकाळी विचारते, काढलीस का रे चादर? मी म्हणतो, काढतो.

रोज त्या खोलीत जातो. माझ्या बाजूला उभा राहतो. कडा गुंडाळतो, मुठीत धरतो. दोनपर्यंत मोजतो आणि सोडून देतो.

समोरून कुणी उचललीच नाही, तर?